किती टक्के

"किती टक्के?" हल्ली दारातूनच विचारतात.
"पंच्याऐंशी," म्हणते इर्मट्राउड पान्नाख,
आणि काउंटरवर पातळ काळी वडी ठेवते,
ग्रहण बघायच्या काचेसारखी.
गिऱ्हाईक चाखतं, भुवई उचलतं,
"मातीची चव लागते," म्हणतं, कौतुकानं.

मातीची चव लागते म्हणून
तिच्या आईनं एकदा कारखान्याला पत्र लिहिलं होतं.

गोर्लिट्झमध्ये, नदीपासून चौथ्या गल्लीत
हे दुकान आईचं, मग सरकारचं,
मग पुन्हा आईचं, मग हिचं.
सरकारच्या काळात प्रश्न एकच असायचा: "आलंय का?"
आलं असलं तर रांग,
नसलं तर थंडीविषयी दोन शब्द.
आलेलं तरी काय, कोको नावापुरता,
बाकी साखर, चरबी, वाटाण्याचं भाजकं पीठ.
दातांना चिकटायचं. टाळूला चिकटायचं.
सगळे नावं ठेवत ठेवत खायचे
आणि शेवटचा तुकडा भावंडांत
पट्टीनं मोजून कापायचे.

नाताळाआधी पलीकडून पार्सल यायचं, हानोव्हरच्या आत्याचं:
कॉफी, साबण, नायलॉनचे मोजे, चॉकलेट,
सगळ्यांचे वास एकमेकांत मुरलेले.
कितीतरी वर्षं इर्मट्राउडला वाटायचं
की चांगल्या चॉकलेटला थोडा साबणाचा वास येतोच.
खरं तर अजूनही वाटतं.
महागडी वडी उघडली की ती आधी हुंगते
आणि काहीतरी राहिलंय, असं तोंड करते.

मग भिंत पडली.
जुन्या वड्यांकडे कुणी फिरकेना.
तीन खोकी तशीच पडून, वर चरबीचा पांढरा थर.
आईनं ती डुकरं पाळणाऱ्या एकेहार्डला देऊन टाकली.
डुकरांनी खाल्ली का, ते कुणी विचारलं नाही.

लोकांना आता दुधाळ हवं होतं, चकचकीत कागदातलं,
मग हेझलनटचं, मग मिरचीचं, मग मिठाचं.
मीठ! आईनं कपाळावर हात मारला:
"आमच्या वेळी कुणाच्या हातून पडलं असतं
तर पगार कापला असता."

गेल्या वर्षी पिस्त्याची लाट आली.
सकाळी सातला शाळकरी पोरं दाराशी,
हातात फोन, धापा टाकत: "आलंय का?"
इतक्या वर्षांनी तो प्रश्न ऐकला
आणि इर्मट्राउडचा हात आपोआप काउंटरखाली गेला,
जिथं ओळखीच्यांसाठी बाजूला काढून ठेवायची पद्धत होती.
तिथं आता फक्त झाडू असतो.

मंगळवारी टिल्मान नावाचा विक्रेता आला,
बारीक दाढी, खांद्याला कापडी पिशवी.
"कोकोचे भाव कुठल्या कुठे गेलेत," म्हणाला,
"आमच्यात कोको नाहीच.
ओट आणि सूर्यफुलाचं बी, आंबवून, भाजून.
जंगलं वाचतात. तरुण लोक तुटून पडतात."
करडा कागद, मुंगीएवढी अक्षरं, साडेचार युरो.

इर्मट्राउडनं तुकडा तोंडात टाकला.
दातांना चिकटला. टाळूला चिकटला.
बाहेर ट्राम वळणावर करकरली.
ती जिभेनं टाळू चाचपत राहिली,
वीज गेल्यावर आपल्याच घरात
भिंत चाचपावी तशी.

"कसं वाटलं?"
"साबण कमी आहे."
तो हसला, तरी वहीत काहीतरी टिपून घेतलं.
"किती खोकी पाठवू?"
ती मागच्या फळीकडे बघत राहिली.
"तीन," म्हणाली.
"पण उरली तर परत नेणार का, ते आधी सांग.
एकेहार्ड वारला.
डुकरंही नाहीत आता."